हॉर्न मुलाचा, कान दुसऱ्याचे

आई-बाबांनो, दसऱ्याला घेतलेल्या गाडीचा हार सुकायच्या आत मुलगा ती गॅरेजमध्ये नेतो. परत येते तेव्हा गाडी दिसायला तीच असते, पण बटण दाबलं की ट्रक अंगावर आल्यासारखा आवाज होतो. गल्लीतली पोरं धावत येतात, 'अजून एकदा वाजव ना दादा' म्हणून मागे लागतात. आपण गॅलरीतून बघत असतो. कुणी हसतं, कुणी कपाळाला हात लावतं, आणि बहुतेक घरांत विषय एका वाक्यात संपतो: 'वय आहे त्याचं, चार दिवस हौस करेल.' मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. माझा दिवस याच वयाच्या मुलांमध्ये जातो, आणि मला ही हौस चार दिवसांची वाटत नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी ती वस्तू नीट पाहू या, कारण 'जरा मोठा हॉर्न बसवलाय' यापलीकडे पुष्कळ पालकांना काही ठाऊक नसतं. कंपनीकडून येणाऱ्या हॉर्नमध्ये एक पातळ पडदा विजेवर थरथरतो, त्याचा आवाज होतो. मुलगा बसवून आणतो त्या प्रेशर हॉर्नला छोटा कॉम्प्रेसर लागतो. तो हवा दाबतो आणि नळीतून कर्ण्यांत सोडतो. कर्णे कधी दोन असतात, कधी तीन. ही सोय मुळात ट्रक आणि बसची. त्यांच्या ब्रेकसाठी दाबलेल्या हवेची टाकी गाडीत असतेच, तिच्यातली थोडी हवा हॉर्नकडे वळवता येते. मोटरसायकलला अशी टाकी नसते आणि तिची बॅटरीही लहान असते. वर कॉम्प्रेसर मूळ हॉर्नपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो.

गॅरेजमध्ये हे बसवताना मी शेजारी उभं राहून पाहिलं आहे. कारागिराने मूळ हॉर्नची वायर कापली, टोकं दातांनी सोलली, कॉम्प्रेसरच्या वायरशी पीळ दिला आणि वरून काळी टेप गुंडाळली. रिले लावला नाही. सगळं काम चहा प्यायला लागावा एवढ्या वेळात आटोपलं. रिले नसला की कॉम्प्रेसरचा सगळा भार हँडलवरच्या छोट्याशा बटणातून आणि बारीक वायरीतून जातो. वायर तापते, बटणाचे पॉइंट जळतात, पावसात टेप सुटते. मग ऐन वेळी अंगठा दाबला तर काहीच वाजत नाही, किंवा शॉर्टसर्किट होतं. अशा कापाकापीनंतर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि आग लागलीच तर विम्याच्या दाव्यावरही वाद होतो. बाबांनो, गाडीचे हप्ते तुम्ही भरता, तेव्हा निदान एवढ्यासाठी तरी एकदा पेट्रोलच्या टाकीखाली वाकून बघा.

पण माझी खरी काळजी वायरीची नाही, कानांची आहे.

या हॉर्नचे कर्णे पुढे तोंड करून बसवलेले असतात. आवाज पुढे फेकला जातो. वाजवणारा त्यांच्या मागे असतो, मोटरसायकलवर हेल्मेटमध्ये, चारचाकीत काचा लावून. त्या हॉर्नच्या जवळ असलेल्या सगळ्या माणसांत सर्वांत कमी त्रास त्यालाच होतो. आता मोटरसायकलवर किंवा गाडीच्या बंपरमागे हे कर्णे किती उंचीवर असतात ते आठवा. मोठ्या माणसाच्या गुडघ्यापासून मांडीपर्यंत. रस्त्यावर त्या उंचीवर कुणाचे कान असतात? आईचं बोट धरून बालवाडीला निघालेल्या मुलाचे. बाबागाडीतल्या बाळाचे. सिग्नलला स्कूटरच्या पुढच्या जागेत, बाबांच्या दोन हातांमध्ये उभी राहणारी मुलगीही फार उंच नसते. मागून तो हॉर्न वाजला की ती आधी रडत नाही. आधी तिचे खांदे वर जातात, डोळे गच्च मिटतात, श्वास अडकतो; रडू नंतर येतं. आणि तिच्या बाबांना हँडल सोडून तिचे कान झाकताही येत नाहीत.

डेसिबलचा हिशेब आपल्या नेहमीच्या हिशेबासारखा नसतो. १०० डेसिबलचा आवाज ११० झाला म्हणजे दहा टक्के वाढला असं होत नाही. ध्वनीची तीव्रता दहापट होते. कामगारांच्या आरोग्यासाठी ८५ डेसिबल आवाजात दिवसाकाठी आठ तासांची मर्यादा सांगितली जाते, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्म्यावर आणावी असा शास्त्रज्ञांचा सल्ला आहे. अशी निम्मी-निम्मी करत गेलं तर १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. कानाच्या आतल्या शंखाकृती भागात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यावर औषधही नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करून देतं. गेलेल्या पेशी परत देत नाही. चौकात तासन् तास उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसाला, सिग्नलला गजरे विकणाऱ्या मावशींना, रिक्षावाल्या काकांना हे रोज सोसावं लागतं. त्यांच्याकडून कुणी संमती घेतलेली नसते.

हा हॉर्न का बसवला असं मुलांना विचारलं तर ती खोटं बोलत नाहीत. 'मॅडम, कुणी बाजूच देत नाही', 'ट्रकवाल्याला साधा हॉर्न ऐकूच येत नाही', ही उत्तरं मी मनापासून ऐकून घेते. हायवेवर ट्रकच्या बाजूने जाताना या मुलांना खरी भीती वाटते. पण त्या भीतीवर हा उपाय नाही. ट्रकच्या डाव्या अंगाला, जिथे आरशात काहीच दिसत नाही, तिथून पुढे घुसू नये हे शिकवणं हा उपाय आहे. डिपर देणं, अंतर राखणं, वेळेवर ब्रेक दाबणं हे उपाय आहेत. जोरदार हॉर्न हाताशी असला की अंगठा आधी तिकडे जातो आणि ब्रेक उशिरा लागतो. शिवाय समोरचा सायकलवाला दचकला तर तो कुठे वळेल याचा नेम नसतो. दचकलेलं माणूस विचार करून वळत नाही. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावर बैलगाड्या असतात. बैल बुजला तर काय होतं हे गावाकडच्या पालकांना मी सांगायला नको.

हॉर्नच नको असं माझं म्हणणं मुळीच नाही. आंबेनळी घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायलाच हवा, आणि त्यासाठी कंपनीचा हॉर्न पुरतो. गाडी विकण्याआधी त्याचा आवाज ठरलेल्या मानकानुसार तपासलेला असतो. तो कमी पडतो असं वाटलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून तपासून घ्यावा. पुष्कळदा त्यात नुसती धूळ नाहीतर पाणी गेलेलं असतं.

ज्या मुलाला भीती वाटत नाही, ज्याला फक्त सगळ्यांनी वळून बघावं असं वाटतं, त्याच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, हजेरीला 'येस मॅडम' म्हणतानाही खाली बघणारा एखादा मुलगा कॉलेजच्या फाटकातून बाहेर पडताना तो हॉर्न दाबतो, आणि शंभर माना वळतात. त्या क्षणी त्याला जे मिळतं ते घरात आणि वर्गात मिळालेलं नसतं. हे मी शिक्षक म्हणून आधी माझ्याकडे घेते, मग तुमच्याकडे देते. त्याच्याशी शेवटचं निवांत कधी बोललात? मार्क, क्लास, फी आणि मोबाइल सोडून? कबड्डी खेळतो का, ढोल-ताशा पथकात वादन करतो का, गाडीच्या इंजिनात त्याला खरंच गोडी आहे का? गोडी असेल तर आयटीआयच्या मोटर मेकॅनिक अभ्यासक्रमाची माहिती तरी त्याच्यासोबत बसून काढा. वळून बघावं असं त्याच्याजवळ दुसरं काही असलं, की हॉर्न काढताना एवढं भांडण होत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि एक गोष्ट जरा कडू आहे, पण आपलेपणाने सांगते. मूल हॉर्न वाजवायला गॅरेजमध्ये शिकत नाही. मागच्या सीटवर बसून शिकतं. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच आपण हॉर्न देतो. सोसायटीच्या फाटकाशी रात्री अकराला वॉचमनला उठवायला हॉर्न देतो, शाळेच्या दारात मुलाला बाहेर बोलवायलाही हॉर्नच. दहा वर्षं हे पाहिलेल्या मुलाच्या हाती गाडी आली की तो तेच मोठ्या आवाजात करतो. मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला काही सिग्नलवरच्या प्रयोगाची चित्रफीत लोकांपुढे आणली होती: थांबलेल्या गाड्यांचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. लोकांनी ती खूप पाहिली, एकमेकांना पाठवली. सिग्नलवर हॉर्न वाजवत उभी असलेली माणसं नुसती कॉलेजची पोरं नसतात, आपल्या वयाचीही असतात. त्याआधी २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'ला मनाई केली, ती अशासाठीच की ते वाचून लोक उगाच हॉर्न वाजवतात. पाटी पुसणं सोपं असतं, आपली सवय आपल्यालाच मोडावी लागते.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण मुलं 'सगळेच लावतात' म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११९ प्रमाणे एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न किंवा कर्कश, दचकवणारा आवाज करणारं कोणतंही साधन गाडीवर चालत नाही. आवाजाच्या मानकांचा भंग केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स बाद, अशी तरतूद आहे. विनाकारण हॉर्न वाजवण्याचा दंड वेगळा. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ निवासी भागात, आणि शांतता क्षेत्रात केव्हाही, आणीबाणी सोडून हॉर्न वाजवायचा नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट अकरावी-बारावीच्या पालकांसाठी. गिअरची गाडी चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. त्याआधी मुलाने गाडी चालवली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. माझ्या वर्गाबाहेर गाड्या उभ्या करणाऱ्या मुलांपैकी किती जणांच्या आई-बाबांना हे माहीत आहे, असा प्रश्न मला रोज पडतो. जो मुलगा १७ वर्षांचा आहे, त्याच्या हॉर्नबद्दल बोलायच्या आधी किल्ली काढून घ्या. तिथे तडजोड नको.

बाकीच्या पालकांनो, मुलावर ओरडू नका. मित्रांसमोर तर अजिबात नको. एखाद्या संध्याकाळी त्याला गाडी न घेता सोबत चालायला न्या, बसस्टँडच्या बाजूच्या रस्त्यावरून, भाजीबाजारातून. मागून हॉर्न येऊ द्या. त्याला दचकू द्या, आणि तेव्हा काही बोलू नका. घरी आल्यावर आजोबांना हृदयाचा त्रास आहे, शेजारच्या ताईंचं बाळ लहान आहे, हे त्याला आठवून द्या. या वयाची मुलं कठोर नसतात. रस्त्यावर पडलेल्या कुत्र्यासाठी तासभर थांबणारी मुलं मी पाहिली आहेत. आपला हॉर्न समोरून कसा लागतो हे त्यांनी कधी अनुभवलेलं नसतं, कारण ती कायम त्याच्या मागे असतात.

मग दोघं मिळून गॅरेजमध्ये जा. त्याने स्वतः 'काढा' म्हणावं, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. कापलेल्या वायरी टेपने न गुंडाळता नीट कनेक्टर लावून जोडून घ्या, आणि काढलेला प्रेशर हॉर्न दुसऱ्या कुणाच्या गाडीवर बसणार नाही एवढं बघा. कंपनीचा मूळ हॉर्न बहुतेक वेळा गॅरेजवाल्याच्या डब्यातच पडलेला असतो. आजच फोन करून तो राखून ठेवायला सांगा.