वाणाची वस्तू आणि शहरातलं दुकान

(या महिन्याचा पाठ : गटाच्या बैठकीत वाचून चर्चा करण्यासाठी)



संक्रांतीचं हळदीकुंकू करून घरी आलं की आपण पहिलं काय करतो? पिशवी उपडी करून वाण बघतो. चाळणी, डबी, कंगवा, परत डबी. पण त्यात एखादी वस्तू अशी निघते की घरातल्या सगळ्याजणी ती हातात घेऊन बघतात. "ही कुणी दिली गं?" असं विचारतात. तिची किंमत बाकीच्या वाणाएवढीच असते, पण ती जपून ठेवली जाते.

आजचा पाठ त्या एका वस्तूबद्दल आहे. शहरात आता फक्त अशाच वस्तूंची दुकानं असतात. छान छान वह्या, पाकिटं, पेनं, भेटकार्डं, छोट्या पिशव्या. लोक काही काम नसताना आत शिरतात आणि काहीतरी घेऊनच बाहेर पडतात. हे कसं घडतं, ते आपण समजून घेऊ. कारण आपल्यातले काही गट कागदाच्या वस्तू करतात, आणि त्यातल्या एका गटाच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली आहे. ती आधी सांगते.

माझी चूक

मागच्या दिवाळीआधी मी एका गटाला आहेराची पाकिटं करायला सुचवलं. कागद स्वस्त, काम घरबसल्या, तीन दिवसांचं प्रदर्शनही जवळ आलेलं. ताईंनी ठराव करून ४,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज उचललं. ६०० पाकिटं केली. पांढरा जाड कागद, वर एक रुपयाचं नाणं, किंमत ५ रुपये. तीन दिवसांत गेली ७०. बाकीची ५३० खोक्यात भरून परत आली.

पुढच्या बैठकीत सचिव ताई मला म्हणाल्या, "मॅडम, पाकिटं पडून राहतील, पण हप्ता काय पडून राहत नाही." मी गप्प बसले. काय बनवायचं हे मी सांगितलं होतं. कोण घेणार, कशासाठी घेणार, हे मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

दुकानात काय पाहिलं

त्यानंतर प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. तिथं अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांचा मोठा बाजार आहे. ज्याला काय हवं ते माहीत असतं, तो तिथं येतो, भाव विचारतो, घेतो आणि जातो. तिथून पुढं एका गल्लीत मला भेटवस्तूंचं एक छोटं दुकान दिसलं. आपल्या समाजमंदिराच्या खोलीएवढंही नसेल. मी तासभर तिथं उभी राहून बघितलं. जे दिसलं ते वहीत लिहून आणलं :

१. वस्तू प्रकाराप्रमाणे लावलेल्या नव्हत्या. "वह्या इकडं, पेनं तिकडं" असं नव्हतं. फळ्यांवर पाट्या होत्या : आईसाठी, शिक्षकांसाठी, मैत्रिणीसाठी. एका फळीवर तर लिहिलं होतं, "काही कारण नसताना".

२. हात लावायला मनाई नव्हती. प्रत्येक वहीचा एक नमुना उघडा ठेवला होता. पेन चालवून बघायला कागद होता.

३. दारापाशी अगदी छोट्या वस्तू होत्या, १०-२० रुपयांच्या. शाळेतली मुलगीसुद्धा रिकाम्या हातानं जात नव्हती.

४. एका फळीवर एका रंगाच्या वस्तू. त्यामुळं साधा खोडरबरही उठून दिसत होता.

५. घेतलेली वस्तू खाकी कागदात गुंडाळून, सुतळी बांधून देत होते. म्हणजे घरी जाऊन वेगळं सजवायला नको.

आणि मी काय केलं? १२० रुपयांची एक वही घेतली. माझ्या पिशवीत कार्यालयाची डायरी होती. वही मला नको होती. पण "मैत्रिणीसाठी" ही पाटी वाचली आणि नुकतीच नोकरीला लागलेली माझी एक मैत्रीण आठवली. वाटलं, हे तिला आवडेल. म्हणजे माझ्याकडून पैसे वहीनं काढले नाहीत, त्या आठवणीनं काढले. आपल्या पांढऱ्या पाकिटाकडं बघून कुणालाच कुणी आठवत नव्हतं.

जपानची एक गोष्ट

या धंद्यात जपानचं नाव मोठं आहे. १९६० साली तिथं शिंतारो त्सुजी यांनी एक कंपनी काढली. सुरुवातीला ती रेशमी माल विकायची. मग त्यांनी रबरी चपला विकायला घेतल्या. त्यातल्या काहींवर फुलाचं चित्र रंगवलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की चित्राची चप्पल जास्त खपते. चप्पल तीच, फरक फुलाचा. पुढं १९७३ मध्ये या कंपनीचं नाव सॅनरिओ झालं. १९७४ मध्ये त्यांनी एक पांढरी मांजर काढली. डोक्याला लाल फीत, तोंडच नाही. तीच 'हॅलो किटी'. आपल्या मुलींच्या दप्तरावर, कंपासपेटीवर ती तुम्ही पाहिली असेल. तिची पहिली वस्तू होती सुटे पैसे ठेवायचं छोटं पाकीट. छोटी भेट, मोठं हसू, असं त्यांचं धोरण आहे.

जपानमध्ये नवीन वर्षाला घरातली मोठी माणसं मुलांना पैसे देतात, तेही उघडे नाही. त्यासाठी चित्राची छोटी पाकिटं मिळतात, त्यांना 'पोचीबुकुरो' म्हणतात. ताईंनो, हे आपल्याला नवीन आहे का? आपण आहेर पाकिटातूनच देतो. वाण देताना वस्तू छोटीच असते, पण देण्यात मान असतो. या धंद्याचं मूळ आपल्या घरात आहेच. आपण फक्त त्याच्याकडं धंदा म्हणून बघितलं नाही.

मग गटानं काय केलं

परत आल्यावर बैठकीत खोकं मध्ये ठेवलं आणि एकच प्रश्न विचारला : हे पाकीट कोण कुणाला देणार?

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "भाचीच्या लग्नात मामा असलं पाकीट देईल व्हय? हे तर पगाराचं पाकीट वाटतंय." सगळ्या हसल्या, पण मुद्दा कळला. दुसऱ्या दिवशी त्याच मावशी जुनी इरकल घेऊन आल्या. साडी विरली होती, काठ शाबूत होते. काठाच्या पट्ट्या कापून, धुऊन, इस्त्री करून पाकिटाच्या झाकणावर चिकटवल्या. एका ताईंची बारावीतली मुलगी सुंदर अक्षर काढते. तिनं प्रत्येक पाकिटावर लिहिलं : "मामाकडून", "मावशीकडून", "आत्याकडून", "काकांकडून", "आजीकडून".

चिकटवताना ३० पाकिटं खराब झाली. उरलेल्या ५०० चे पाच-पाचचे १०० संच केले. तिथं पुन्हा एक चूक झाली. आम्ही एका संचात पाच नात्यांची पाच पाकिटं घातली. पहिल्याच गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "मी एकटी मावशी आहे, काकांचं पाकीट घेऊन काय करू?" खरंच की! मग संच सोडून परत बांधले, एका संचात एकच नातं. लग्नसराई संपेपर्यंत ७९ संच गेले. "मावशीकडून" आधी संपलं. उरलेल्या २१ मध्ये "काकांकडून" सगळ्यात जास्त आहेत. पुढच्या वेळी ती कमी करायची, हे इतिवृत्तात लिहून ठेवलंय. राहिलेले हप्ते त्यातून फिटले.

हिशेब : मजुरी धरल्याशिवाय किंमत ठरवू नका

आता वही-पेन घ्या. जुन्या पाकिटाचा खर्च असा होता : कागद २ रुपये, डिंक ५० पैसे, नाणं १ रुपया, मिळून साडेतीन. विकलं ५ ला. आपल्याला वाटलं दीड रुपया सुटला. १०० पाकिटांना १५० रुपये. पण १०० पाकिटं करायला १० तास लागतात. म्हणजे तासाला १५ रुपये पडले, आणि प्रवासखर्च त्यात धरलाच नव्हता. खुरपणीला गेलो असतो तर?

नवीन १०० पाकिटांचा हिशेब बघा. आकडे समजण्यासाठी धरले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला.

कागद – २०० रुपये
डिंक – ५० रुपये
काठ धुणं, खळ, इस्त्री – ५० रुपये
नाणी – १०० रुपये
संच बांधायच्या कागदी पट्ट्या – ४० रुपये
मजुरी, १० तास, तासाला ५० – ५०० रुपये
प्रवास व स्टॉल – १६० रुपये
एकूण – १,१०० रुपये

म्हणजे एक पाकीट ११ रुपयांना पडलं, पाचचा संच ५५ ला. विक्री किंमत ८० ठेवली. स्वतः स्टॉलवर विकलं तर संचामागं २५ रुपये, २० संचांचे ५०० रुपये गटाकडं राहतात. दुकानदाराला ठेवायला दिलं आणि त्यानं चौथा हिस्सा, म्हणजे २० रुपये घेतले, तर आपल्याला ६० मिळतात. संचामागं ५ रुपयेच उरतात. तरी तोटा नाही, कारण मजुरी आधीच धरली आहे. पण किंमत ६० ठेवली असती तर दुकानदाराचा हिस्सा आपल्या मजुरीतून गेला असता. म्हणून दुकानात जाण्याआधी हा हिशेब वहीत करून जा.

तीन गोष्टींची काळजी घ्या

पहिली. मुलांना आवडतं म्हणून हॅलो किटी, डोरेमॉन, छोटा भीम अशी चित्रं छापायची नाहीत. ती चित्रं त्या-त्या कंपनीच्या मालकीची आहेत. परवानगी न घेता वापरली तर गट कायद्याच्या अडचणीत येतो. आपली रांगोळी, वारली चित्रं काढणाऱ्या ताईंचा हात, गोधडीचा टाका, साडीचा काठ हे आपलं आहे.

दुसरी. बंद संचावर वस्तूचं नाव, किती नग, किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि गटाचं नाव-पत्ता लिहा. पॅकबंद मालाला हा नियम आहे. शिवाय "ही कुणी केली?" या प्रश्नाचं उत्तरही मिळतं.

तिसरी. माल कुठला आहे ते गिऱ्हाइकाला सांगा. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. तिथं हातानं कागद बनवण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे, गावाचं नावच त्यावरून पडलं. हातकागद सुती चिंध्यांपासून होतो, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही. असा कागद वापरलात तर तेवढं एक वाक्य चिठ्ठीवर लिहा. साडीचा काठ असेल तर तेही लिहा. मात्र खरं असेल तेवढंच लिहा. नवीन कापड आणून "जुनी इरकल" म्हणायचं नाही.

आपण गिऱ्हाईक असतो तेव्हा

हीच जादू आपल्यावरही चालते. जूनमध्ये शाळेची खरेदी करताना मूल दोन कप्प्यांची, चुंबकाची, मांजरीच्या चित्राची कंपासपेटी मागतं. पाटी वाचून मी १२० रुपये दिले, तर मुलांचं काय सांगावं? मुलांना रागवू नका. घरूनच यादी करून न्या. एक वस्तू त्याच्या आवडीची, बाकी गरजेच्या, असं आधीच ठरवा. दुकानात गेल्यावर ठरवायला गेलं की दुकानच ठरवतं.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. यंदाच्या वाणातली कोणती वस्तू तुम्ही जपून ठेवली? का?
२. आपला गट जी वस्तू करतो, ती कोण कुणाला देतं? एका वाक्यात सांगा.
३. आपल्या किमतीत मजुरी धरली आहे का? तासाला किती पडते?
४. आपल्या गावची अशी कोणती खूण आहे जी वस्तूवर लावता येईल?
५. दुकानदाराला हिस्सा देऊन आपल्याला काय उरतं?

गृहपाठ : पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी, विरलेली पण काठ चांगला असलेली साडी बघून ठेवा. फाडू नका, फक्त बघून ठेवा. आणि शेवटचं वाण ज्या मैत्रिणीला दिलंत तिला विचारा, ती वस्तू आता कुठं आहे. जे उत्तर येईल ते बैठकीत सांगा. चुलीमागं टाकली असं आलं तरी सांगा, त्यातूनही शिकायला मिळेल.

मी येताना उरलेले "काकांकडून" संच घेऊन येते. कुणाच्या घरी काका असतील तर कळवा!

तुमची,
क्षेत्र समन्वयक