पडद्यावरचा आरोपी

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात राहून दुभाष्याचे काम करताना फौजदारी कामकाज मी बरेच पाहिले आहे, आणि २०२० च्या महामारीपासून आरोपीला तुरुंगातून कोर्टात न आणता पडद्यावरच रुजू करून घेण्याची वहिवाट जसजशी रूढ होत गेली, तसतसे माझे मत दृढ होत गेले की, नुसती पुढची तारीख घेण्यापुरती ही सोय उत्तम असली, तरी गुन्ह्याची कबुली द्यायची असेल किंवा साक्षीपुरावा व्हायचा असेल, त्या दिवशी आरोपीने जातीने हजर राहण्याचाच आग्रह धरावा.

एका न्यायालयात (ते कोणते, हे येथे गौण आहे) आमच्याकडचा एक तरुण असाच पडद्यावर होता. तिकडचा कॅमेरा पडद्याच्या बराच वर बसवलेला असल्यामुळे तो बिचारा न्यायाधीशांच्या चेहऱ्याकडे पाहत असे, आणि आम्हांला मात्र तो अपराध्यासारखा नजर खाली घालून बसल्याचा भास होई. स्वतःचा वकील त्याला दिसत नव्हता. आवाज मागाहून पोहोचत असल्याने माझे भाषांतर आणि पुढचा प्रश्न यांची सरमिसळ होई. आणि निम्मेशिम्मे ऐकूनही, वडीलधाऱ्यांपुढे मान डोलावण्याच्या लहानपणापासूनच्या सवयीने, तो प्रत्येक वाक्याला मान हलवीत होता. फिर्यादपक्षाने घटनेची हकिकत वाचली तेव्हाही ती हललीच. वकील सावध होता म्हणून त्याने काम थांबवून अशिलाशी खाजगीत बोलण्याची परवानगी मागितली, आणि मग कळले की मारहाणीचा मजकूर त्याच्या कानांपर्यंत पोहोचलाच नव्हता.

महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात २००३ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कमधील डॉक्टरची साक्ष पडद्यावरून घेण्यास मुभा दिली, ती योग्यच होती. परंतु साक्षीदार आपली जबानी देऊन मोकळा होतो. आरोपीला मात्र दिवसभर दुसऱ्यांची जबानी ऐकायची असते, आणि खोटे कानी पडताच वकिलाच्या बाहीला हात लावायचा असतो. शिकागोच्या कुक परगण्यात १९९९ पासून जामिनाचे काम पडद्यावरून होऊ लागले, तेव्हा जामिनाच्या रकमा सरासरी ५१ टक्क्यांनी वाढल्याचे पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले. समोर उभा असलेला मनुष्य आणि काचेतला मनुष्य यांना आपण एकाच मापाने मोजत नाही, हेच खरे.

आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या २००६ च्या मानवी हक्कांच्या सनदेतील पंचविसाव्या कलमाने आरोपीला स्वतःच्या उपस्थितीत खटला चालण्याचा आणि इंग्रजी येत नसल्यास विनामूल्य दुभाष्याचा हक्क दिलेला आहे; पण तो ऐनवेळी आठवून फारसा उपयोग होत नाही. म्हणून डँडेनॉन्गच्या फॉस्टर स्ट्रीटवरील मॅजिस्ट्रेट कोर्टात ज्यांचे काम असेल, त्यांनी तारखेच्या पुष्कळ आधी वकिलाला विचारावे की हजेरी पडद्यावरून आहे काय, असल्यास प्रत्यक्ष हजेरीचा अर्ज करता येईल काय, दुभाषी कोणत्या बाजूला बसणार, आणि मध्येच एकांतात बोलायची सोय काय. आरोपपत्राची प्रत हातात असू द्यावी. ऐकू आले नाही तर तत्क्षणी हात वर करून तसे सांगावे. त्यात कोर्टाचा अवमान होत नाही. नुसती मान मात्र हलवू नये. जामिनावर असलेल्यांनी घरून फोनवर हजर व्हायचे ठरवलेच, तर निदान खोलीचे दार लावून घ्यावे, आणि जवळ बसलेल्या मेहुण्याला उत्तरे सुचवू देऊ नयेत.