मोटर तापली, तर कुठे बघायचं

देवपुरात पत्र्याच्या शेडमध्ये माझा सीएनसी राउटर आहे. सागवानी दरवाजे, देवघरं, एमडीएफच्या जाळ्या असं काम असतं. यंत्रावर २.२ किलोवॉटचा, पाण्याने गार होणारा स्पिंडल आहे, मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा. आजवर एक मोटर जाळली, दुसरी जळता जळता वाचवली. धुळे-जळगावच्या उन्हात हाच धंदा उभा करणाऱ्या पोरांसाठी हे लिहितो आहे. स्पिंडल जळला म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

१. तापली म्हणजे नेमकी कुठे?

मे महिना, भरदुपार. कारागीर ओरडला, "भाऊ, मोटर तपी गयी!" मी स्पिंडल थांबवला आणि पंप चालूच ठेवला. तापलेल्या मोटरचं पाणी कधी बंद करू नये. कोलेटजवळचं खालचं टोक जास्त गरम असेल तर संशय बेअरिंगवर. मधलं अंग सगळीकडून सारखं तापलं असेल तर पाणी किंवा करंट. आमचं मधलं अंग तापलं होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर मात्र ३८ दाखवत होता आणि हात तर टिकत नव्हता. चकचकीत धातूवर तो थर्मामीटर फसतो. काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर धरला, तेव्हा ६६ दिसले.

२. पाणी सुटतं तिथे बघू नका, परत येतं तिथे बघा.

माझे आजोबा पांझरेकाठच्या फडात शेती करायचे. बंधाऱ्यातून पाणी सुटलं म्हणून पाटकरी घरी जात नसे; शेवटच्या वाफ्यात ते पोचलं का, हे तो बघायचा. मी मात्र बादलीतला पंप घुरघुरतोय एवढंच ऐकून समाधान मानत होतो. त्या दिवशी परतीची नळी बाटलीत धरली. एक लीटर भरायला दोन मिनिटं लागली. यंत्र नवं असताना मिनिटात दोन लीटर यायचं.

आमचं पाणी बोअरचं. हंड्याच्या बुडाला जो पांढरा थर बसतो, तोच स्पिंडलच्या आतल्या अरुंद वाटांमध्ये बसला होता. शिवाय पारदर्शक नळीवर ऊन पडून आत हिरवं शेवाळ धरलं होतं. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व कोमट पाण्यात पातळ कालवून थोडा वेळ फिरवलं, मग साध्या पाण्याने भरपूर धुतलं. जोराचं अ‍ॅसिड घालू नका. आतला भाग बऱ्याचदा अॅल्युमिनियमचा असतो. तेव्हापासून मी डिस्टिल्ड वॉटर आणि गाडीच्या रेडिएटरचं कूलंट वापरतो, नळ्या काळ्या लावल्या आहेत आणि दर सोमवारी सकाळी बाटली धरतो.

३. बादलीचं गणित कागदावर मांडा.

पूर्ण भाराला मोटर साधारण ४०० वॉट उष्णता पाण्यात सोडते असं धरा. बादलीत २० लीटर पाणी असेल तर ते तासाला सुमारे १७ अंशांनी तापतं. थोडी उष्णता वाटेत निघून जाते तेवढीच सूट. मे महिन्यात पत्र्याखाली पाणी मुळातच ३५ अंशांचं असतं. म्हणजे दुपारच्या जेवणापर्यंत आपण मोटरला गरम पाण्याने आंघोळ घालत असतो. २०० लीटरच्या पिंपात हीच वाढ तासाला दोन अंशांच्या आतबाहेर राहते.

जागा नसेल तर आपल्या कोरड्या उन्हाचाच उपयोग करून घ्या. बाहेर ४३ अंश असले तरी हवा कोरडी असते, म्हणून कूलरच्या टाकीतलं पाणी हवेपेक्षा खूप गार राहतं. मी जुन्या कूलरच्या टाकीत तांब्याच्या नळीचं वेटोळं बुडवलं. स्पिंडलचं पाणी त्या नळीतून फिरतं, कूलरचं पाणी बाहेरून तिला गार करतं, दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही. मिसळू द्यायचंही नाही: बाष्पीभवनाने कूलरच्या पाण्यात क्षार वाढत जातात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय मंदावतो, पण तेव्हा उन्हाचा तडाखाही नसतो.

४. ड्राइव्हचे आकडे स्वतः वाचा.

पहिली मोटर माझ्या हातून गेली. ड्राइव्ह बदलला, कमाल फ्रिक्वेन्सी ४०० भरली, बेस फ्रिक्वेन्सी मात्र कारखान्यातून आलेली ५० तशीच राहिली. ही मोटर ४०० हर्ट्‌झला २२० व्होल्ट मागते. बेस ५० असली तर पूर्ण २२० व्होल्ट ५० हर्ट्‌झलाच मिळतात. मी सागवानावर १२,००० फेऱ्यांवर, म्हणजे २०० हर्ट्‌झवर, काम करत होतो. तिथे ११० व्होल्ट हवे होते, मी दुप्पट देत होतो. जादा करंट सगळा उष्णतेत गेला.

वाइंडिंगवाल्या काकांनी मोटर उघडून दाखवली. "एक फेज तुटली असती तर काही गुंडाळे काळे, काही कोरे दिसले असते. हे बघा, सगळे सारखे काळे." नंतर म्हणाले, "मोटरनी काही चूक केलेली नाही." ते वाक्य मला फार लागलं. आता नवा ड्राइव्ह आला की मोटरच्या पाटीवरचे व्होल्ट, हर्ट्‌झ, अँपिअर वहीत उतरवतो आणि वही समोर ठेवूनच आकडे भरतो.

५. भुसा चिमटीत घेऊन बघा.

कटर जपायचा म्हणून पोरं फीड कमी करतात, आणि नेमका तोच कटर जळतो. १८,००० फेऱ्या, दोन धारांचा कटर, दर धारेला ०.१ मिलिमीटर लाकूड: गुणाकार केला तर मिनिटाला ३,६०० मिलिमीटर फीड होतो. आम्ही १,००० वर चालवत होतो. धार लाकूड कापेना, नुसती घासायची. चिमटीत कणीदार भुसा आला पाहिजे. पिठासारखा आला, किंवा सागाचा करपट वास सुटला, तर ती उष्णता कटरच्या दांड्यातून वर बेअरिंगकडे चढते आहे असं समजा. खोली कमी घ्या, फीड कमी करू नका.

६. बेअरिंगला सकाळी दहा मिनिटं द्या.

आधी ६,००० ते ८,००० फेऱ्या, मग टप्प्याटप्प्याने वर. कोलेट रोज पुसा. मोटर बंद असताना हाताने फिरवून खरखर लागली, तर बेअरिंग बदलायची वेळ झाली आहे.

७. पाणी थांबलं तर यंत्रही थांबलं पाहिजे.

माणूस चहाला जातो, फोन घेतो, पंपाची पिन सैल होते. म्हणून परतीच्या नळीत फ्लो स्विच बसवला आणि त्याची तार ड्राइव्हच्या बाहेरच्या फॉल्टसाठी असलेल्या टर्मिनलला जोडली. बसवल्यावर चालत्या यंत्रात मुद्दाम पंपाची पिन उपसून बघितली. स्पिंडल आपोआप थांबला. दरवाज्यावरचा मोर अर्धा कोरलेला होता. पिन परत लावली, बाटली धरली, पाणी मोजलं आणि तिथूनच पुढे कोरायला घेतलं.