दक्षिण जॉर्जिया : बेटावरील पाहुणा
(भूगोल व सृष्टिज्ञान यांच्या पाठांस पूरक)

दक्षिण अटलांटिक महासागरात, सुमारे ५४ अंश दक्षिण अक्षांशावर, दक्षिण जॉर्जिया हे लांबट, डोंगराळ बेट आहे. त्याची निम्म्याहून अधिक भूमी हिमाच्छादित असून माउंट पॅजेट हे शिखर २,९०० मीटरांहून उंच आहे. तेथे कायमची लोकवस्ती नाही, विमानतळ नाही. जावयाचे तर जहाजानेच, खवळलेल्या समुद्रातून. इ. स. १७७५ मध्ये कॅप्टन कुक तेथे उतरला, तेव्हा त्यास ही भूमी भयाण वाटली. त्याच किनाऱ्यांवर पेंग्विन व सील यांची अफाट वस्ती आहे.

कुकच्या मागोमाग सीलांचे, व पुढे देवमाशांचे शिकारी आले. त्यांच्या जहाजांतून उंदीर उतरले. बेटावर झाड म्हणून नाही. त्यामुळे पक्षी जमिनीवर वा बिळांत घरटी करतात, आणि अंडी व पिले उंदरांच्या तोंडी आयतीच पडतात. तेथील पिपिट हा चिमणीएवढा गाणारा पक्षी जगात अन्यत्र कोठेही नाही. जेथे उंदीर पोचले तेथून तो नाहीसा होत गेला. हिमनद्या ओलांडणे उंदरांस साधत नसे, म्हणून काही भाग वाचले. परंतु हवामान उबदार होऊन हिमनद्या मागे सरू लागल्या. म्हणजे कुंपणच वितळू लागले. तेव्हा २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरांतून विषारी आमिष टाकण्यात आले. त्यात काही पक्षीही दगावले, हे मुलांपासून लपवू नये. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पिपिट पुन्हा घरटी करू लागला आहे.

एवढ्या खटाटोपाने मिळविलेले एका गाभण उंदरीने जाईल! म्हणूनच आज तेथे जाणाऱ्यांस कडक नियम आहेत. एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी उतरत नाहीत. उतरण्यापूर्वी बूट, मोजे, खिसे व पिशव्यांच्या शिवणी तपासून बी, कुसळ, माती काढतात. बूट जंतुनाशकात बुडवितात. २०२३ मध्ये तेथे पक्ष्यांच्या तापाची साथ पोचल्यापासून ही दक्षता अधिकच वाढली. रात्री जहाजाचे दिवे झाकतात, कारण उजेडास भुलून पक्षी जहाजावर आदळतात.

हा पाठ केवळ नकाशावर शिकवू नये. परके बी काय करते, हे गाजरगवताने आपल्याकडे दाखविलेच आहे. १९५० नंतरच्या दशकात पुण्याजवळ आढळलेले ते तण आज बांधाबांधावर आहे. पावसाळा सरताना शेतातून येणाऱ्या मुलांच्या कपड्यांस आघाडा व कुसळे चिकटलेली असतात. ती वेचून घ्यावीत, चपलांच्या तळव्यांची माती खरवडावी, व दोन्ही एका कुंडीत घालून रोज पाणी द्यावे. दुसऱ्या कुंडीत भाजून थंड केलेली माती ठेवावी. पंधरा दिवसांत कोणत्या कुंडीत काय उगवते, ते मुलांनी वहीत लिहावे व ओळखता येईल त्या रोपाचे नाव घरी आजीस विचारून आणावे.