कोळ्याचे जाळे आणि एक मिलिमीटर

बहिर्वक्र भिंगापुढे दुप्पट नाभीय अंतरावर मेणबत्ती ठेवली, की पलीकडे तेवढ्याच अंतरावर तिची तेवढ्याच आकाराची उलटी प्रतिमा मिळते, हे तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. मेणबत्तीच्या जागी कोळी आणि पडद्याच्या जागी कॅमेऱ्यातील संवेदक ठेवा. जवळून घ्यावयाच्या छायाचित्रणाचे, म्हणजे मॅक्रो फोटोग्राफीचे, मूळ तत्त्व एवढेच आहे. ५० मि.मी. नाभीय अंतराचे भिंग असेल तर कोळी भिंगापासून १०० मि.मी. वर आणि संवेदकही १०० मि.मी. वर हवा. त्यासाठी भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये ५० मि.मी. लांबीची पोकळ नळी बसवतात. नळीत काच नसते, नुसते अंतर असते.

अहिल्यानगर जिल्ह्यातील बेलापूर परिसरात (नवी मुंबईचे नव्हे, प्रवरेकाठचे) पावसाळा सरता सरता बांधावरच्या घायपातीत, निवडुंगात एक कोळी हमखास शोधावा. जाळ्याच्या मधोमध, डोके खाली करून, पायांच्या जोड्या जुळवून तो फुलीसारखा बसतो आणि पायांच्या रेषेत पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी काढतो. तिच्यावरून त्याला इंग्रजीत सिग्नेचर स्पायडर म्हणतात; आपण सहीवाला कोळी म्हणू. शास्त्रीय नाव अर्जिओपी ॲनासुजा. मादी साधारण १ सें.मी. लांब, नर तिच्या निम्म्याहूनही लहान. ही नक्षी कशासाठी, याबद्दल शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कोणी म्हणतात किडे आकर्षित व्हावेत म्हणून, कोणी म्हणतात शत्रूला चकवण्यासाठी.

माझी पहिली तीसेक छायाचित्रे वाया गेली. डोळे स्पष्ट, तर पाय धूसर. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, भूमितीचा होता. मूळ आकाराएवढी प्रतिमा घेताना, भिंगाचा छिद्रक्रमांक ८ ठेवला, तर जेवढ्या जाडीचा भाग स्पष्ट येतो ती जाडी सुमारे १ मि.मी. असते. जणू हवेत १ मि.मी. जाडीची काच उभी आहे. तिच्यात जे सापडेल ते स्पष्ट, बाकीचे पुसट.

आता गणित करा. कॅमेऱ्याच्या चौकटीची उंची २४ मि.मी. आहे आणि कॅमेरा जाळ्याशी फक्त १० अंशांनी तिरका आहे. चौकटीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत अंतरात २४ गुणिले साइन १० अंश, म्हणजे सुमारे ४ मि.मी. फरक पडेल. हाती स्पष्टता आहे १ मि.मी.! म्हणून आधी बाजूला जाऊन जाळे कडेने पाहावे. ते एका रेषेसारखे दिसते. कॅमेऱ्याची पाठ त्या रेषेला समांतर करावी. जाळे सपाट आणि कोळी त्याला चिकटून बसलेला, त्यामुळे तोही बहुतेक स्पष्ट येतो.

मग छिद्र आणखी लहान का करू नये, असे कोणी हुशार विद्यार्थी विचारील. १६ क्रमांकाला स्पष्टतेची जाडी जवळजवळ दुप्पट होते, हे खरे; पण प्रकाशाचे विवर्तन आडवे येते. एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता तबकडी होते. ८ क्रमांकाला तिचा व्यास सुमारे ०.०२ मि.मी., तर १६ ला ०.०४ मि.मी. भरतो. म्हणजे खोली वाढली, पण तपशील हरवला. मी स्वतः ८ ते ११ च्या पुढे क्वचितच जातो.

प्रकाशही चौथाई उरतो, कारण प्रतिमा भिंगापासून दुप्पट लांब गेली. त्यामुळे शटर चौपट वेळ उघडे ठेवावे लागते. सेकंदाच्या तिसाव्या भागात जाळे वाऱ्याने सेकंदाला १ सें.मी. वेगाने हलले, तरी प्रतिमा ०.३ मि.मी. फासटते. यावर उपाय दोन: फ्लॅश, किंवा वारा पडलेली सकाळ. मात्र उसात शिरू नका. आपल्या भागात उसात बिबट्या असतो आणि बांधावर घोणसही. ऊन वर आल्यावर, मोठ्या माणसासोबत, पायाखाली पाहत जावे.

धागा मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा बारीक, तरी तो छायाचित्रात येतो कसा? आकाशातला तारा दिसतो तसा. तो सूक्ष्म असला तरी काळोखावर उजळ असतो. सूर्य जाळ्याच्या मागे तिरका आणि पार्श्वभूमी सावलीतली ठेवा. धागा लकाकतो, कधी रंगही दाखवतो. जाळे उठून दिसावे म्हणून त्यावर पीठ भुरभुरणारे लोक आहेत. ते करू नये. चिकट धागा निकामी होतो आणि कोळ्याची सारी मेहनत वाया जाते. पाण्याचा फवारा मारून दव दाखवणे ही तर माझ्या मते खोटी नोंद आहे. खऱ्या दवाची वाट पाहा. त्या थेंबात मागचे शेत उलटे दिसते, कारण थेंब हेही बहिर्वक्र भिंगच.

पुण्याच्या प्राणी सर्वेक्षण केंद्रात काम केलेले डॉ. बी. के. टिकादर यांचा जाळे विणणाऱ्या कोळ्यांच्या कुलावरील ग्रंथ १९८२ साली निघाला. पुष्कळ जातींची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रिये पाहूनच होते. केवळ छायाचित्रावरून नाव ठोकून देणे धाडसाचे. तरीही तुमच्या छायाचित्रातून एक गोष्ट नक्की मिळते, ती म्हणजे मापन. प्रतिमा मूळ आकाराएवढी असेल, तर ३६ मि.मी. रुंदीच्या चौकटीत जाळ्यावरचेही ३६ मि.मी. च मावतात. कोळ्याचे शरीर चौकटीच्या रुंदीच्या तृतीयांश भरले, तर लांबी १२ मि.मी. झाली. कोळ्याला हात न लावता! वहीत तारीख, गाव, झाड व विशालन लिहा, आणि जाळ्याला वळसा घालून पोटाकडूनही एक छायाचित्र घ्या. श्वास मात्र जपून सोडा. तो लागला की कोळी जाळे गदागदा हलवतो, नाहीतर धाग्यावरून थेट खाली गवतात उतरतो.