मुलांची खरूज व शेजाऱ्याचे कर्तव्य

सन 1947 च्या फाळणीनंतर सिंध सोडून आलेली हजारो कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत राहिली. त्या वसाहतीस 1949 साली उल्हासनगर हे नाव मिळाले. घर गमावलेल्यांच्या वाट्यास सर्वत्र अशीच दाटी येते, आणि दाटीत मुलांस खरूज लवकर जडते. बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांत 2023 साली केलेल्या पाहणीत शंभरांतील सुमारे 40 जणांस ती आढळली.

परंतु ही व्याधी केवळ छावणीतलीच आहे असे नव्हे. आमच्या वरळी कोळीवाड्यातही घरास घर लागून आहे, आणि परगावाहून आलेली बिऱ्हाडे एकेका खोलीत राहतात. अशा घरातले मूल रात्री बोटांच्या बेचक्यांत, मनगटास व कमरेस खाजवू लागले, तर “ह्या लोकांनी रोग आणला” असे शेजारी म्हणतात. वाचकहो, हे म्हणणे अज्ञानाचे आहे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा एक किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो, आणि अंगास अंग लागून तो पसरतो. प्रथम लागण झालेल्यास चार ते सहा आठवडे खाजही येत नाही. मग कोणी कोणास दिली हे कोण सांगणार?

उपाय सोपा आहे, पण तो एकट्या मुलास करून भागत नाही.

1. डॉक्टरांनी दिलेले पर्मेथ्रिन मलम घरातील सर्वांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावावे, सकाळी धुवावे, व सात दिवसांनी पुन्हा लावावे. तान्ह्या मुलाविषयी व गरोदर स्त्रीविषयी डॉक्टरांस आधी विचारावे.

2. त्याच दिवशी कपडे व अंथरूण कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे.

3. नंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. म्हणून घाबरून रोज मलम चोळू नये.

खाजवून झालेल्या जखमा चिघळल्या, तर त्यांतील जंतूंमुळे पुढे मूत्रपिंडासही इजा होऊ शकते. चेहरा सुजला किंवा लघवी लाल झाली, तर मुलास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

नवख्या आईस दवाखान्याची वाट ठाऊक नसते, रोजगार बुडतो, आणि लाजही वाटते. महानगरपालिकेचे काही दवाखाने सायंकाळीही उघडे असतात. तेव्हा तिला नुसता पत्ता सांगून थांबू नये. तिच्याबरोबर जावे, आणि आपल्या मुलांस तिच्या मुलांपासून तोडू नये. मलमाने किडा मरतो; तिची लाज मात्र शेजाऱ्यांनीच दूर करावयाची आहे.