घर विकताना आधी माळा उघडा

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १३, श्लोक ७ (काही प्रतींत ८)



घर विकायला काढलं की पहिली धावपळ कशाची असते? हॉलला नवा रंग, सोफ्याला नवं कव्हर, दाराला तोरण. बघायला येणारा माणूस जिथे बसणार, तेवढं चकाचक. आणि बाथरूमवरचा माळा? सिंकखालचा कप्पा? ड्राय बाल्कनीतलं कपाट? तिथे फक्त दार लोटून द्यायचं. हॉलमधलं जे नको, तेही तिथेच कोंबायचं.

आजच्या श्लोकात भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात. त्यात 'शौच' म्हणजे शुचिता आहे. पण ती एकटी येत नाही. त्याच श्लोकात 'अदंभित्व' म्हणजे दिखावा नसणं आणि 'आर्जव' म्हणजे सरळपणा हेही आहेत. ज्ञानोबा माउलींनी ज्ञानेश्वरीत शुचितेला कापराची उपमा दिली आहे. कापराचा खडा कुठेही मोडून बघा, जे बाहेर तेच आत. घराच्या बाबतीत हा 'आत' म्हणजे माळाच की!

म्हणून सुट्टीचा एक दिवस काढा आणि माळा अगदी मागची भिंत दिसेपर्यंत रिकामा करा. सामानाचे ढीग करा : नव्या घरी न्यायचं, कुणाला द्यायचं, भंगारात घालायचं. जुनी औषधं, बॅटऱ्या, रंगाचे उरलेले डबे रोजच्या कचऱ्यात मिसळू नका, वेगळे द्या. कागद बघितल्याशिवाय रद्दीत टाकू नका. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घराचा मूळ करार, टॅक्सच्या जुन्या पावत्या अशाच एखाद्या पत्र्याच्या ट्रंकेत निघतात आणि विक्रीच्या वेळी नेमकं तेच मागितलं जातं. मग झाडून, पुसून दोन-तीन दिवस दार उघडं ठेवा. कुबट वास डांबरगोळ्यांनी झाकण्यापेक्षा वाऱ्याने जाऊ दे.

इथवर सोपं आहे. खरी परीक्षा पुढे.

माळा रिकामा झाला की भिंत बोलायला लागते. कुठे पोपडे, कुठे ओलीचा पिवळट डाग, लाकडी चौकटीवर वाळवीच्या मातीच्या बारीक रेघा. लाकूड बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज येतो. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "पुट्टी मारून रंग देऊन टाक रे, पावसाळ्यापर्यंत कुणाला कळणार नाही. विचारलं तर बघू."

थोडं थांबा. पलीकडचा माणूस कोण आहे? बहुतेक वेळा तुमच्यासारखंच एखादं तरुण जोडपं, वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन आलेलं. पहिल्याच पावसात तो डाग परत येईल, तेव्हा त्यांचं बाळ त्या भिंतीशेजारी झोपलेलं असेल.

आपला कायदाही हेच सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, वेगळा करार नसेल तर, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला साध्या काळजीने सापडणार नाही असा मोठा दोष विक्रेत्याने स्वतःहून सांगायचा असतो. 'विचारलं तर बघू' ही सवलत तिथेही नाही.

मग करायचं काय? आधी प्लंबरला बोलावून पाणी कुठून येतंय ते शोधा, गळती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंग. दुरुस्ती झाली तर काय केलं ते सांगा. होत नसेल, गळती वरच्या मजल्यावरून असेल, तर तेही सांगा. होऊ शकतं की किंमत थोडी खाली येईल. त्याच पैशांतून आईबाबांचं नवं घर किंवा धाकटीचं शिक्षण व्हायचं असतं, त्यामुळे हे बोलायला जीभ जड होते. पण आर्जवाची कसोटी लागते ती अशाच वेळी. जिथे काही गमवायचं नाही तिथे सरळ वागायला कितीसं लागतं?

आता माळ्यावरून उतरलेलं सामान. दोन श्लोक पुढे भगवंत घर आणि घरच्या माणसांत गुंतून न पडणं हेही ज्ञानाचं लक्षण म्हणून सांगतात. याचा अर्थ कोरडेपणा नव्हे हं! आजीचा पाटा-वरवंटा, पितळी डबे, तुमचा पाळणा आजीला विचारल्याशिवाय भंगारात जाऊ देऊ नका. तिला जे ठेवायचंय ते एखाद-दुसरं ठेवा, बाकीचं तिच्याच हाताने कुणाला तरी देऊ दे. जुन्या तसबिरी निघाल्या तर रस्त्याकडेच्या पिंपळाखाली सोडून येऊ नका. घरच्या मोठ्यांना विचारून त्यांचं नीट विसर्जन करा.

आजची साधना : घर विकायचं असो वा नसो, बरेच महिने न उघडलेलं एक दार आज उघडा. आतलं सगळं बाहेर काढा. काम करताना मुखी नाम असू द्या. आणि जे दिसेल ते झाकण्याआधी स्वतःला विचारा, हे मी समोरच्याला दाखवू शकतो का?

राम कृष्ण हरी!